आठ एकर बरड, वीस शेळ्या आणि जेसीबी

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात वडिलोपार्जित आठ एकर बरड आहे. वर दगडगोटे, वीतभर माती, खाली मुरूम. घरी वीस उस्मानाबादी शेळ्या. गावात सध्या जेसीबी आलेला आहे, तलावातला गाळही मिळतोय. दगड वेचून, चर खणून, गाळ पसरून ही जमीन डाळिंबाखाली आणावी का, की दुसरं काही करावं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. आठ एकरांतला तळाचा अर्धा-पाऊण एकर सोडला, तर बाकीचं शेत करायच्या भानगडीत पडू नका. तिथलं पीक गवत आहे. गवत नीट आलं तर शेळ्या, बोरी, सीताफळं हे सगळं त्याच्या आसऱ्याने उभं राहतं. जेसीबीला यंदा तरी माळावर चढू देऊ नका.

तुम्ही मातीची खोली सांगितलीत, पण खालचा मुरूम कसा आहे ते सांगितलं नाहीत. निम्मा निकाल त्याच्यावर लागतो. बालाघाटाचा डोंगर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, काही सच्छिद्र. विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच मऊ थर. सच्छिद्र थर लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाच्या फटींत मुळं आणि पाणी दोन्ही शिरतं. काळा पाषाण कुजता कुजत नाही. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात: एक उभा कडा, मग थोडी सपाटी, परत कडा. तुमच्या आठ एकरांत अशा दोन-तीन पायऱ्या नक्की असतील, आणि वरून सगळं सारखंच बरड दिसत असलं तरी एका पायरीवर वीतभर मातीखाली कातळ असेल, तर दुसरीवर वीतभर मातीखाली दोन-तीन फूट झिरपता मुरूम.

हे तपासायला यंत्र लागत नाही. पहार आणि टिकाव घ्या, प्रत्येक पायरीवर दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या. पहार ठणकन वाजून उडाली तर कातळ. भसभसा रुतली, पांढरट-पिवळट खडे बाहेर आले तर मुरूम. मग खड्डा दीड-दोन फूट खोल करून संध्याकाळी पाण्याने भरा. पहिलं पाणी सुका मुरूम पिऊन टाकतो, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्यांदा भरा आणि सकाळी बघा. पाणी गेलं असेल तर खाली फटी आहेत, तसंच उभं असेल तर कातळाची परात आहे. झाडंही सांगतात. पळस, हिवर, रानबोर आपोआप उभी असतील तिथे मुळांना वाट सापडलेली आहे. नुसतं तरवडाचं झुडूप आणि काळी कुसळ हे गुडघ्याखालचं गवत असेल तिथे माती बहुतेक निघून गेलेली आहे.

आता पाण्याचा हिशोब. बारीक, हलकी माती एका सेंटिमीटर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर पाणी धरते. वीस सेंटिमीटर मातीत ते पंचवीस-तीस मिलिमीटर झालं. पण त्या वीस सेंटिमीटरात चाळीस टक्के दगड असले तर दगड पाणी धरत नाहीत, म्हणजे हाताशी राहिलं पंधरा-अठरा मिलिमीटर. पावसाळ्यात उभं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं. चार दिवसांत हिशोब संपला. आपल्याकडे ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांची उघडीप नवीन नाही. गोदाकाठच्या मीटरभर खोल काळ्या जमिनीत दीडशे-दोनशे मिलिमीटर साठतं, तिथलं कापूस-सोयाबीन ती उघडीप काढतं. तुमच्या बरडावरची बाजरी पोटरीत येता येता करपते, ती कुणाच्या आळसामुळे करपत नाही. गवताचं तसं नसतं. बहुवर्षायू गवत उघडीप आली की झोपी जातं आणि पाऊस आला की चार दिवसांत परत हिरवं होतं. पेरलेल्या पिकाला ही सोय नाही.

माती परीक्षणाबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण बरडवाल्या शेतकऱ्यांची यात हमखास फसगत होते. प्रयोगशाळेत नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात, दगड बाजूला पडतात आणि तपासणी फक्त बारीक मातीची होते. मग निकाल हेक्टरी किलोत मांडताना साडेबावीस सेंटिमीटर खोलीची अखंड माती धरतात. तुमच्याकडे एखाद्या पायरीवर माती बाराच सेंटिमीटर असेल आणि त्यात चाळीस टक्के दगड असतील, तर तक्त्यात लिहिलेल्या पालाश-स्फुरदाचा जेमतेम तिसरा हिस्सा प्रत्यक्ष जागेवर आहे. कागदावर ‘पालाश भरपूर’ दिसतं आणि पीक मात्र पिवळं पडतं. अहवाल चुकीचा नसतो, तो तुमच्या दगडांसकट जमिनीचा नसतो एवढंच. नमुना देताना खोली आणि दगडांचं अंदाजी प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्या आणि कृषी खात्याच्या माणसाला आकडा त्या प्रमाणात कमी करून वाचायला सांगा.

दगड वेचायचे की नाही? माझं मत: गवताच्या जागेतून वेचू नका. मातीवर सुटे पडलेले दगड वळवाचा थेंब स्वतःच्या अंगावर घेतात, खालची माती भुसभुशीत राहते, ओल उडत नाही. उन्हाळ्यात माळावरचा एखादा दगड उलटून बघा, बाजूची माती कोरडीठाक असते तेव्हाही त्याच्याखाली किंचित गारवा आणि किडामुंगी सापडते. गवताचं बी पण दगडाच्या कडेलाच तगतं. मातीत अर्धवट रुतून बसलेल्या दगडांची गोष्ट मात्र वेगळी. आजूबाजूची माती पावसाने चिकटून कडक पापुद्रा झालेली असेल तर तेच दगड पाणी जिरू न देता पळवतात. उपाय दगड उचलण्याचा नाही, तो पापुद्रा होऊ न देण्याचा आहे, आणि तो फक्त गवत आणि वाळला पालापाचोळा करू शकतो. बांधाला, तालीला दगड लागलेच तर ओघळीत वाहून आलेले घ्या, माळावरचे नकोत.

आता मुख्य मुद्द्यावर येतो: चराई. शेळीला लोक उगाच बदनाम करतात. शेळी वर मान करून खाणारी, तिला झुडपाचा शेंडा आवडतो. गवत मुळापर्यंत कुरतडण्यात मेंढी तिच्या पुढे आहे. माळ खराब होतो तो जनावराच्या जातीमुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. आपल्याकडे गणित असं उलटं बसलंय: जूनमध्ये शेतं पेरली की सगळ्या गावाची गुरं-शेळ्या शेतातून बाहेर निघतात आणि माळावर, गायरानात जातात. नेमक्या त्याच सहा-आठ आठवड्यांत गवताला नवे फुटवे येत असतात. मुळांत साठवलेलं अन्न खर्चून त्याने पहिली चार पानं काढलेली असतात आणि तीच खाल्ली जातात. असं दोन-तीन वर्षं लागोपाठ झालं की शेडा, पवना, मारवेल अशी चांगली गवतं मरतात. मग येते कुसळी, तीही हटली की काळी कुसळ, आणि शेवटी तरवड. तरवडाला कुणी तोंड लावत नाही म्हणून तो उरतो. तुमच्या माळावर आज काय आहे ते बघून या घसरणीतली कितवी पायरी आहे ते तुम्हीच ठरवू शकाल.

म्हणून आठ एकरांचे तीन तुकडे करा. कुंपण परवडत नसेल तर दगडाची गुडघाभर ताल आणि वर बाभळीच्या काट्या पुरे. एक तुकडा पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, संपूर्ण बंद. दुसरा ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद, नंतर चराई. तिसऱ्यात शेळ्या. पुढच्या वर्षी पाळी बदला. बंद तुकड्यातलं गवत विळ्याने कापून आणायला हरकत नाही, पण चार बोटं बुंधा ठेवून. कापायची वेळ फुलोऱ्याची. तेव्हा त्यात सहा-सात टक्के प्रथिनं असतात. दिवाळीनंतर पिवळं पडलेलं कापलं तर ती दोन-तीन टक्क्यांवर येतात आणि जनावराचं नुसतं पोट भरतं. कुसळीचं तर फुलोऱ्याआधीच उरकायला हवं. एकदा कुसळं धरली की शेळीच्या तोंडाला जखमा करते.

‘मग आषाढात शेळ्यांना घालू काय?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, आणि रास्त आहे. हिशोब कडू आहे. आज असा माळ हेक्टरी एखादा टन वाळलं गवत देत असेल. तुमचे आठ एकर म्हणजे सव्वातीन हेक्टर, सव्वातीन टन. त्यातलं निम्मं जमिनीसाठी सोडायचं, हातात दीड टनाच्या वर थोडं. एक शेळी दिवसाला सव्वा किलोच्या आसपास कोरडा चारा खाते, वीस शेळ्यांना वर्षाला नऊ टन लागतो. म्हणजे आजही तुमच्या शेळ्या तुमच्या माळावर जगत नाहीत. त्या गावाच्या गायरानावर, बांधांवर, दुसऱ्याच्या धसकटावर जगतात. माळ सुधारला आणि हेक्टरी दोन-अडीच टनांवर गेला तरी तो एकटा वीस शेळ्या पोसणार नाही. म्हणून दोन गोष्टी करा. ज्वारीच्या कडब्याची एक गंजी मार्चमध्ये विकून न टाकता खास जून-जुलैसाठी राखा. आणि बांधांवर शेवरी, सुबाभूळ, हिवर वाढवा. हिवराच्या, बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात शेळीला पेंडीची गरज बरीच भागवतात. शेळ्या कमी करा असं मी सांगत नाही. ऊसतोडीला जायचं टळावं म्हणून लोक शेळ्या धरतात हे मला माहीत आहे. पण करडं वेळेत विकणं, विशेषतः बोकड जूनच्या आत काढून टाकणं, हे माळाच्याही सोयीचं आहे.

शेळ्या रोज एकाच वाटेने डोंगर चढतात-उतरतात ना? ती वाट बघा. पातळ मातीवर उभ्या उताराची पाऊलवाट म्हणजे पुढच्या वर्षीची ओघळ असते. वाट बदला, जुनीवर काट्या आडव्या टाका.

बी टाकायचं असेल तर नांगर, कुळव काही नको. वीतभर माती उलथवली की वळवाच्या एका सरीत ती खाली जाते. एक मिलिमीटर माती म्हणजे हेक्टरी जवळपास तेरा टन, आणि एक सेंटिमीटर माती घडायला शेकडो वर्षं लागतात. टिकावाने उताराला आडवे, हातभर अंतरावर ओरखडे काढा. शेडा, पवना, डोंगरी गवताचं बी हलकं, केसाळ असतं, वाऱ्याने उडतं. ते चाळलेली माती आणि शेणाच्या काल्यात मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि मृग लागायच्या आधी ओरखड्यांत टाका. जिथे मुरूम बरा आहे तिथे स्टायलो हे चाऱ्याचं पीक मिसळा, त्यातली स्कॅब्रा जात हलक्या जमिनीला सोसते. ते द्विदल आहे, नत्रही धरतं. त्याच्या बियांचं कवच कडक असतं, म्हणून गरम पाण्यात काही मिनिटं बुडवून मग टाका, नाहीतर निम्मं बी वर्षभर तसंच पडून राहतं. मारवेल बियाण्यापेक्षा ठोंबांनी लावलेलं बरं, आणि ते फक्त तळाकडच्या, थोडी ओल धरणाऱ्या जागी. बी विकत घेण्याआधी जवळच्या एखाद्या राखलेल्या रानात किंवा देवस्थानाच्या माळावर ऑक्टोबरात जाऊन हाताने ओरबाडून आणा. इथल्या पावसाला सरावलेलं बी तेच.

माळ पेटवू नका. ‘जाळलं की कोंब चांगला फुटतो’ हे आपल्याकडे ठाम समजतात. कोंब फुटतो हे खरं, पण मे-जूनचा वळीव उघड्या राखेवर पडतो आणि त्या एका पावसात जी माती जाते ती पावसाळाभर जात नाही.

चरांचं सांगतो. सलग समतल चराचं नेहमीचं माप ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. मीटरला ०.१८ घनमीटर पाणी मावतं. एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि निम्मा वाहिला तर पाणी झालं २५० घनमीटर. ते सगळं अडवायला हेक्टरी जवळजवळ चौदाशे मीटर चर लागेल, म्हणजे दर सात मीटरला एक. तुमची माती १२-२० सेंमी आहे. चर खणला की वरची माती खाली आणि खालचा मुरूम वर, शिवाय तो मुरमाचा भराव खालच्या बाजूच्या गवतावर बसतो. त्या भरावावर पुढे कित्येक वर्षं काही उगवत नाही. ज्या पायरीवर कातळाची परात आहे तिथे तर चरातलं पाणी जिरतच नाही, उन्हाने उडून जातं. मी चरांच्या विरोधात नाही. जालन्याच्या कडवंचीसारख्या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम करून काय मिळवलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण तिथे जागा बघून काम झालं. तुमच्याकडे चर फक्त झिरप्या मुरमाच्या पायरीवर घ्या, सलग न घेता तुटक घ्या, हाताने किंवा छोट्या यंत्राने, आणि वरची माती आधी बाजूला काढून भरावाच्या माथ्यावर परत टाका. कातळाच्या पायरीवर समपातळीत दगडांच्या आडव्या रांगा पुरतात. समपातळी डोळ्याने धरू नका. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत तुमच्या भागातल्या पोरांनी ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर ही समपातळी आखायची साधनं वापरलेली आहेत, एखादा गावात पडून असेल. ओघळींत वरून खाली या क्रमाने अनघड दगडी बांध घाला. आधी खालचा मोठा बांध घालणारे वरून आलेल्या मुरमाने तो दोन पावसाळ्यांत भरून घेतात.

गाळाचा मोह समजतो. सरकारी योजना आहे, तलाव मोकळा होतो, गाळ जवळजवळ फुकट. वाहतूक मात्र फुकट नाही. एका एकरावर दहा सेंमी थर द्यायला चारशे घनमीटर गाळ लागतो, म्हणजे साधारण १४० ब्रास. त्यापेक्षा पातळ थर उतारावर टाकला तर तो परत त्याच तलावात जाऊन बसतो आणि पुढच्या वर्षी तुम्ही तो पुन्हा विकत आणता. गाळ टाकायचा तर तळाच्या सपाट अर्ध्या-पाऊण एकरात, चारी बाजूंनी बांध घालून, मुरमाच्या वरच्या थरात मिसळून. नुसता वर पसरला तर उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसात वरच्या वर चिखल होतो. तिथे बाजरी-तूर घ्या, किंवा सरळ चाऱ्याची पिकं. शेणखत शेळ्यांचं आहेच. लेंडीखत सगळं त्याच तुकड्याला द्या, आठ एकरांवर शिंपडून हरवू नका.

फळझाडांत सीताफळ आणि बोर, बस. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते मिळालं ते अशाच डोंगरांमुळे. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राची धारूर-६ जात बघा. खड्डा झिरप्या मुरमात दोन फुटांचा घ्या, काढलेली माती आणि लेंडीखत भरा, बुंध्याभोवती दगड रचा, पहिले दोन उन्हाळे मडक्याने पाणी द्या. शेळ्या सीताफळाला सहसा तोंड लावत नाहीत, हा मोठा फायदा. बोराची रोपं पिशवीतली आणू नका, सोटमूळ पिशवीत वेटोळं घेतं आणि मुरमात शिरत नाही. माळावर रानबोरी असतीलच, त्या बुंध्यापासून छाटून नव्या फुटीवर जागच्या जागी उमराण या बोराच्या जातीचा डोळा भरा, म्हणजे कलम करा. खालचं मूळ आधीच फटीत गेलेलं असतं, पाणी द्यावंच लागत नाही. निलगिरी, गिरिपुष्पाच्या रांगा लावून माळ ‘हिरवा’ करायच्या भानगडीत पडू नका. नायगाव अभयारण्यातल्या मोरांपासून लांडगे-खोकडांपर्यंत जे काही या डोंगरात टिकून आहे ते उघड्या गवतावर टिकलेलं आहे, आणि तुमच्या शेळ्यांनाही त्या रांगांखाली काही मिळणार नाही.

शेततळं: अस्तराशिवाय मुरमात पाणी थांबणार नाही, आणि अस्तर घालून बोअरच्या पाण्याने भरणार असाल तर उन्हात वर्षाला दीड-दोन मीटर पाणी वाफ करायला तुम्ही वीज जाळणार. नको.

राहिलं डाळिंब. हलकी जमीन त्याला चालते हे तुम्ही ऐकलंय ते बरोबर आहे, पण तो दुष्काळी माळाचा नाही, ठिबकाचा गडी आहे. गाळ टाकलेल्या तळाच्या तुकड्यात लावलं तर भारी मातीत मुळांशी पाणी साचून मर रोग येण्याची भीती, आणि वर मुरमाच्या पायरीवर लावलं तर मे महिन्यापर्यंत खात्रीचं पाणी हवं. तुमच्या विहिरीला मागच्या दोन कमी पावसाच्या वर्षांत कोणत्या महिन्यापर्यंत पाणी होतं ते आठवा. उत्तर फेब्रुवारीच्या आतलं असेल तर डाळिंबाच्या रोपांचा सौदा रद्द करा. एप्रिलच्या पुढचं असेल तर मुरमाच्या एका पायरीवर वीस गुंठ्यांपुरतं करून बघा, आणि त्या वीस गुंठ्यांत शेळ्या शिरणार नाहीत असं कुंपण आधी घाला.